निफाडच्या कडाक्याच्या थंडीत म्हाताऱ्या वाघ्याची काळजी : माझा अनुभव

निफाड तालुक्यात राहणाऱ्यांना थंडीची ओळख करून द्यावी लागत नाही. उत्तरेकडचे कोरडे वारे सुरू झाले आणि आकाश निरभ्र राहिले, की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा रोज बातम्यांत येऊ लागतो. पारा पाच-सहा अंशांपर्यंत आणि एखाद्या वर्षी त्याहूनही खाली उतरतो. अशा पहाटे द्राक्षबागायतदार बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात आणि ठिबक सोडतात, कारण विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते आणि मण्यांची फुगवण थांबण्याची धास्ती सगळ्यांनाच असते. आमच्याही घरात दर हिवाळ्यात हेच चालते. गेल्या हिवाळ्यात मात्र बागेइतकीच काळजी वाघ्याची घ्यावी लागली आणि तो हिवाळा त्याने बऱ्यापैकी सुखात काढला. म्हातारे कुत्रे असलेल्या घरांना उपयोग व्हावा म्हणून ते सारे सविस्तर लिहीत आहे.

वाघ्या गावठी जातीचा, वयाने १२ वर्षांचा. तरुणपणी त्याने अनेक हिवाळे शेडमध्ये नुसत्या गोणपाटावर काढले होते, त्यामुळे त्याला थंडीची सवय आहे असेच घरात सगळे धरून चालले होते. दिवाळीनंतर त्याचे वागणे हळूहळू बदलले. सकाळी उठताना तो आधी पुढचे पाय रोवी, मग थोडा थांबे आणि मागचा भाग जणू ओढून वर घेई. ओसरीच्या पायरीशी येऊन तो वर चढावे की नाही या विचारात उभा राही. त्याच्या मागच्या पायांची नखे शहाबादी फरशीवर घासत असल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येऊ लागला. ऊन चढल्यावर मात्र तो पुष्कळ मोकळा चाले, म्हणून सासऱ्यांना, म्हणजे आबांना, हे केवळ वय वाटत होते. मला पहाट आणि दुपार यांतला तो फरकच महत्त्वाचा वाटला आणि आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी त्याच्या मांड्या दोन्ही हातांनी चाचपून उजव्या मांडीचा स्नायू कसा उतरला आहे ते आम्हाला दाखवले. नाशिकला जाऊन एक्स-रे काढला, तेव्हा खुब्याच्या सांध्यांची झीज स्पष्ट दिसली. थंडीने संधिवात होत नाही, पण असलेला संधिवात थंडीत जास्त आखडतो, आणि म्हातारे कुत्रे कण्हत नाही, ते फक्त हालचाल कमी करते, असे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. वेदनाशामक सुरू करण्याआधी मूत्रपिंड आणि यकृत यांच्यासाठी रक्ततपासणी करून घेतली. अहवाल ठीक आल्यावर वजनानुसार मोजून द्यायचे मेलॉक्सिकॅमचे पातळ औषध मिळाले. ते नेहमी जेवणानंतरच द्यायचे आणि उलटी झाली, जेवण सुटले किंवा काळी शी दिसली तर लगेच थांबवून फोन करायचा, असे त्यांनी बजावले. माणसांच्या औषधांविषयीही त्यांनी स्पष्ट ताकीद दिली. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची तर एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आपण अंगाला चोळतो ती मलमेसुद्धा कुत्रे चाटून पोटात घेते, म्हणून तीही लावायची नाहीत. आमच्या भागात जनावराला माणसाची अर्धी गोळी देण्याची पद्धत सर्रास आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

औषधाने दुखणे कमी होणार होते, गारठा नाही, आणि माझे खरे काम तिथून सुरू झाले. घरात प्रत्येकाचा पहिला विचार त्याच्या अंगावर काय घालावे हा होता. मला मात्र त्याच्या अंगाखाली काय आहे हे आधी पाहावेसे वाटले. शहाबादी फरशी आणि सिमेंटचा ओटा रात्रभर अंगातली ऊब शोषून घेतात, आणि हडकुळ्या म्हाताऱ्या कुत्र्याचे कोपर व खुबे थेट त्या फरशीवर टेकतात. द्राक्षांच्या रिकाम्या प्लास्टिकच्या क्रेट आमच्याकडे ढिगाने असतात. त्यांतल्या चार पालथ्या घालून त्यांवर प्लायवूडचा तुकडा बांधला, म्हणजे जमिनीपासून अंतर मिळाले आणि मध्ये हवा राहिली. पण एवढी उंची त्याला चढवेना, म्हणून समोर विटा आणि फळीचा उतार केला आणि पाय घसरू नये म्हणून त्यावर गोणपाट ठोकले. फळीवर आधी जुने घोंगडे घातले होते. दोन-तीन रात्रींतच लक्षात आले, की घोंगडे श्वासाची, दवाची आणि वयामुळे झोपेत गळणाऱ्या लघवीची ओल धरून ठेवते आणि पहाटे तेच थंडगार लागते. मग इगतपुरीकडून भाताचा पेंढा आणवला. पेंढ्यात कुत्रे स्वतःला खुपसून घेते, त्याच्या काड्यांमध्ये हवा अडकते आणि ओल खाली झिरपून जाते. रोज सकाळी मी पेंढ्याखाली हात घालून पाही. तळहाताला जिथे दमट लागे तेवढाच भाग काढून टाकायचा आणि कोरडा भरायचा, एवढ्यावर काम भागत असे. माझे तर ठाम मत झाले आहे, की जनावराला कोरडे आणि जमिनीपासून उंच ठेवले की थंडीचे निम्मे काम झाले. स्वेटर त्यानंतर.

त्या बिछान्याभोवती तीन बाजूंनी आणि वरून जुन्या फळ्या लावून खोके तयार केले. ते मुद्दाम लहानच ठेवले, कारण मोठ्या जागेत अंगाची ऊब टिकत नाही. त्याला उभे राहून वळता आले पाहिजे, एवढे माप पुरते. तोंड दक्षिणेकडे ठेवले, म्हणजे उत्तरेचा वारा पाठीवर अडतो, आणि दारावर अर्ध्यापर्यंत गोणपाटाचा पडदा सोडला. खोक्याशेजारी शेगडी ठेवावी असे घरात कोणीतरी सुचवले होते, त्याला मी ठाम नकार दिला. पेंढ्याला ठिणगी लागायला वेळ लागत नाही आणि बंद खोलीत कोळसा पेटता ठेवला तर त्याच्या वायूने माणसेही झोपेत दगावतात. शेकोटीजवळ वाघ्या बसे, पण कोणी सोबत असेल तेव्हाच, कारण थंडीने गांगरलेले कुत्रे विस्तवाच्या इतके जवळ सरकते की केस होरपळेपर्यंत त्याला कळत नाही. वरवर विझलेल्या राखेत लोळायची सवयही या कुत्र्यांना असते आणि त्या राखेच्या पोटात निखारे असतात.

सर्वांत अवघड भाग आबांना राजी करण्याचा होता. पहाटे चारला ते बागेत निघाले की वाघ्या त्यांच्या मागे जाणार, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. डॉक्टरांनी त्या वेळचे चालणे बंद करायला सांगितले होते. आबा म्हणाले, ‘‘सूनबाई, त्याला कोंडून ठेवलंत तर तो अन्न सोडेल.’’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, कारण पहिल्या पहाटे दार लावल्यावर तो बराच वेळ रडला. शेवटी मधला मार्ग निघाला. आबा निघण्यापूर्वी त्याच्याजवळ बसत, तव्यावर गरम केलेल्या वाळूची पुरचुंडी जाड सुती फडक्यात घेऊन त्याचे खुबे शेकत, आणि प्रत्येक वेळी ती आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहत. मीठ आम्ही वापरले नाही, कारण ते त्याने चाटले असते. शेकून झाले की तो पुन्हा पेंढ्यात शिरे, आणि साडेआठ-नऊला ऊन अंगावर आले की आबा त्याला न्यायला परत येत. फेरी लहान, पण रोज. संधिवात आहे म्हणून पूर्ण बसवून ठेवले तर उरलेला स्नायूही उतरतो.

नातवंडांच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून त्याला दोन अंगरखे शिवले. ते फक्त रात्री आणि पहाटे घालायचे. आमच्याकडे हिवाळ्यातही दुपारी पारा सहज २७-२८ अंशांवर जातो, तेव्हा लोकरीत कुत्र्याला गुदमरायला होते. काखेत घासते का आणि कापड दवाने ओले झाले आहे का, हे रोज पाहावे लागे. आंघोळ दोन महिने बंदच ठेवली आणि त्याऐवजी उन्हात बसवून केस विंचरले. त्यात गोचिड्याही सापडत, कारण आपल्याकडच्या थंडीत त्या पूर्ण जात नाहीत.

पाण्याकडे मात्र मला वाटले होते त्याहून जास्त लक्ष द्यावे लागले. गार पाणी तो एक-दोनदा चाटून सोडून देई, आणि त्याच्या औषधाबरोबर पाणी कमी पडणे मूत्रपिंडांना धोक्याचे होते. कोमट पाण्यात बिनमिठाचे, कांदा-लसूण नसलेले कोंबडीचे पाणी मिसळले की तो भांडे रिकामे करी. थंडीत जास्त खायला घालावे असे सगळे म्हणतात आणि रात्रभर बाहेर राखण करणाऱ्या तरुण कुत्र्याच्या बाबतीत ते बरोबरही आहे, पण दिवसभर उन्हात झोपणाऱ्या वाघ्याचे वजन वाढले असते तर त्याच्या खुब्यांवरच भार आला असता. म्हणून भाकरी तेवढीच ठेवली आणि उकडलेले अंडे वाढवले. डिंकाचे लाडू त्याच्यापासून कटाक्षाने दूर ठेवले, कारण त्यांत मनुका असतात. द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, काही कुत्र्यांना तर थोड्या प्रमाणातही. द्राक्षांच्या तालुक्यात हे फार थोड्यांना माहीत आहे. काढणीच्या दिवसांत खाली पडलेले मणी कुत्री खातात, आणि पुढे उलट्या आणि लघवी बंद झाली की त्याचा संबंध कोणी द्राक्षांशी जोडत नाही. आम्ही काढणीच्या सुमारास वाघ्याला बागेच्या ओळींत जाऊच दिले नाही.

ऐन कडाक्यात शेडमागे एका भटक्या कुत्रीने पिल्ले घातली. पावसाळ्यानंतर माजावर आलेल्या कुत्र्या नेमक्या थंडीत वितात, आणि पहिल्या आठवड्यात तर पिल्लांना कुडकुडून अंगात ऊब आणणेही जमत नाही. एका पहाटे एक पिल्लू इतरांपासून सरकून ठिबकच्या नळ्यांजवळ पडलेले सापडले. ते दगडासारखे गार होते, पण जबडा किंचित हलत होता. सासूबाई दूध गरम करायला निघाल्या, तेव्हा मी त्यांना थांबवले. गारठलेल्या पिल्लाची आतडी मंदावलेली असतात, त्याला नीट गिळताही येत नाही, त्यामुळे पाजलेले दूध पचत नाही किंवा फुफ्फुसात जाते. आधी ऊब, मग दूध, हाच क्रम पाळावा लागतो. त्याला पोटाशी लुगड्यात गुंडाळून घेतले, कोमट पाण्याची बाटली टॉवेलात लपेटून शेजारी ठेवली आणि फडक्याने हलकेच चोळत राहिले. थेट विस्तवाजवळ नेऊन झटपट गरम करणेही घातक असते. बऱ्याच वेळाने ते तोंड उघडून ओरडले आणि बोट तोंडात दिल्यावर चोखू लागले, तेव्हाच त्याला आईच्या स्तनाला लावले. सगळ्या पिल्लांना आईसह पेंढा भरलेल्या क्रेटमध्ये हलवले. आमची मांजर त्या दिवसांत पिकअपच्या इंजिनावर जाऊन झोपू लागली होती, म्हणून गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायची सवय सगळ्यांनी लावून घेतली.

संक्रांतीनंतर पहाटेचा गारठा ओसरू लागला. फेब्रुवारीत पुन्हा रक्ततपासणी झाली आणि अहवाल समाधानकारक आल्यावर डॉक्टरांनी औषध रोजऐवजी गरजेपुरते केले. वाघ्याची नखे अजून फरशीवर घासतात, पण पायरीशी तो थांबत नाही. पेंढा खतात गेला, क्रेट काढणीला परत गेल्या आणि प्लायवूड व उताराची फळी पुढच्या दिवाळीसाठी शेडच्या आढ्याला बांधून ठेवली आहे. ते पिल्लू आमच्याकडेच राहिले. सहा आठवड्यांचे झाल्यावर त्याला डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या आजारांवरची पहिली लस दिली, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणि रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर द्यायची आहे.