कापूरबावडीच्या सिग्नलला पिप

लेकीची दहावी आयजीसीएसई ह्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची, त्यामुळे यंदा ठाण्यात घोडबंदर रोडच्या आमच्या घरात इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स मुक्कामाला आलाय. पेपरात पुस्तक उघडायला मिळत नाही, म्हणून त्याच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' कादंबरीमधले कोट्स थीमप्रमाणे फ्रिजवर चिकटलेत, गिल्ट म्हणजे अपराधीपणा पिवळ्या कागदावर, सोशल क्लास गुलाबी, आणि मिस हॅविशॅमची नऊला वीस कमी असताना बंद पाडलेली घड्याळं थेट बाथरूमच्या आरशावर, म्हणजे दात घासताना रोज कुणाचं तरी मोडलेलं लग्न डोळ्यासमोर.

मला राग येतो तो क्लासच्या नोट्सचा. पहिल्याच पानावर ठोकून दिलंय की कादंबरीचा नायक पिप, त्याला गुपचूप पैसे पुरवणारा माणूस म्हणजे तो स्मशानातला कैदी मॅगविच. झालं! डिसेंबर १८६० पासून लोकांनी महिनोन् महिने, दर आठवड्याला अंक विकत घेऊन ज्याची वाट पाहिली ते पोरांना पुस्तक उघडायच्या आधीच 'की पॉइंट' म्हणून मिळतं. आणि ही कादंबरी आली तीसुद्धा धंद्याच्या अडचणीतून. डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' साप्ताहिकात दुसऱ्या एका लेखकाची गोष्ट चालू होती, ती वाचकांना काही आवडेना, खप उतरायला लागला, म्हणून मग डिकन्स स्वतः पिपला घेऊन मैदानात उतरला. हे कुठल्या थीममध्ये बसत नाही म्हणून नोट्समध्ये नाही.

क्लास नौपाड्यात. गाडी मी चालवते, ती मोठ्याने वाचते, आणि मेट्रोचं काम, कंटेनर, रिक्षा ह्या सगळ्यात एकेक चॅप्टर आरामात होतो. परवा चौथा चालू होता. नाताळचं जेवण, टेबलाशी पाहुणे, पिपने कैद्यासाठी चोरलेला पोर्क पाय, म्हणजे मांस भरलेली पेस्ट्री, आता बहीण आणायला उठलीये, पिप जीव घेऊन दाराकडे पळतो आणि दारात बंदुका घेतलेले शिपाई, एकाच्या हातात हातकड्या, पिपपुढे धरलेल्या. चॅप्टर संपला. तेवढ्यात क्लास आला.

"हे काय! ह्याच्यासाठी आलेत का ते?"

"नोट्समध्ये बघ की."

"नोट्समध्ये हे नाहीये गं आई."

नसणारच. मोठं गुपित फोडून टाकतात, ही बारीकसारीक कोण फोडत बसणार, पाच मार्कांचंही नाही ना ते. डिकन्सने त्या आठवड्याचा हप्ता इथेच तोडला होता, म्हणजे लंडनच्या लोकांनी आठवडाभर कळ काढली असणार. आमच्या बाईसाहेबांनी दोन तास काढले, परत येताना सीट बेल्ट लावायच्या आधी पुस्तक उघडलं. हातकड्यांचं कुलूप बिघडलेलं असतं, दुरुस्तीला लोहार हवा म्हणून शिपाई आलेले असतात आणि पिपचा मेव्हणा, 'जो' नावाचा, लोहार असतो, एवढंच. कापूरबावडीच्या सिग्नलला आम्ही दोघी हसत होतो आणि मागचा हॉर्न वाजवत होता.

सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यात काय, आमच्या हरिभाऊंचं पण साप्ताहिकातच यायचं." खरंय, हरिभाऊ म्हणजे ह. ना. आपटे, त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये हप्त्याहप्त्याने आली, आणि पिपसारखीच तिची नायिका यमूपण स्वतःची गोष्ट स्वतःच सांगते, अगदी लहानपणापासून. आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय ठाण्यात १८९३ ला निघालं, म्हणजे तेव्हा यमू तशी ताजीच. सासूबाईंनी तिथूनच आणून वाचली होती कधीकाळी. नवरा गेल्यावर यमूचं जबरदस्तीने केशवपन होतं हे त्यांना आधीच माहीत होतं, तरी म्हणे त्या पानापर्यंत पोचेस्तोवर वाटत राहिलं की कोणीतरी येईल, थांबवेल.

लेक म्हणाली, आमच्याकडे तर शेवटच बदललाय. डिकन्सने आधी पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम असतं त्या एस्टेलाची कायमची ताटातूट लिहिली होती, मग बुल्वर-लिटन नावाच्या लेखक मित्राने आग्रह धरला म्हणून जरा आशेला जागा ठेवणारा शेवट छापला, आणि टीचर म्हणतात दोन्ही माहीत असलेले बरे.

"मग हरिभाऊंना नव्हता का कोणी असा मित्र?" सासूबाई एकदम म्हणाल्या.

लेकीने हे चक्क वहीत लिहून घेतलं, उत्तरात कुठे घुसवणार आहे देव जाणे. बुधवारी पेपर आहे आणि पोएट्रीला अजून हात लावलेला नाही.