सीएनसी प्लाझ्मा टेबल: मशीन चालतंय, आता कट स्वच्छ करायचा आहे

सध्याची मांडणी अशी: कामाची जागा १२५० × १२५० मिमी, ४५ अँपिअरचा एअर प्लाझ्मा, मशीन टॉर्च, रॅक-पिनियन, दोन्ही बाजूंना वेगळी स्टेपर मोटर, खाली पाण्याचा ट्रे, टॉर्च हाइट कंट्रोल (पुढे टीएचसी, आर्कच्या व्होल्टेजवरून टॉर्चची उंची राखणारा). यंत्र रेषा कापतं, पण कापलेल्या कडेला खाली ड्रॉस, म्हणजे वितळून गोठलेला धातू, लटकतो, चौकोनाच्या दोन बाजू तिरक्या येतात आणि कोपऱ्यावर टॉर्च पत्र्याकडे झेपावते. अशा वेळी हात सगळ्यात आधी टीएचसीच्या सेटिंगकडे जातो. तिथे सगळ्यात शेवटी जायचं. ढाचा, हवा, अर्थिंग आणि उंची ठीक नसताना व्होल्टेजचे आकडे फिरवत बसलं की दिवस जातो आणि पत्राही.

ढाचा आणि हालचाल

प्लाझ्मा पेटवण्याआधी टॉर्चच्या क्लॅम्पमध्ये मार्कर पेन बसवायचं. प्लेटवर कागद चिकटवून १००० × १००० मिमीचा चौकोन काढायचा आणि दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही १४१४.२ मिमी यायला हवेत. कर्णांत २ मिमी फरक असेल तर गॅन्ट्री (टॉर्च वाहून नेणारा आडवा पूल) १००० मिमीवर साधारण १.४ मिमी तिरपी आहे. दोन मोटरवाल्या गॅन्ट्रीत दोन्ही बाजूंना स्वतंत्र होमिंग स्विच (सुरुवातीची जागा ठरवणारे) असतील तर एकाचा ऑफसेट बदलून हा फरक काढता येतो. एकच स्विच असेल तर दर वेळी वीज बंद असताना गॅन्ट्री दोन्ही टोकांच्या स्टॉपला हाताने टेकवून मग चालू करायची.

स्टेप्स प्रति मिमी आधी कागदावर काढायच्या. मॉड्यूल १, २० दात्यांचं पिनियन म्हणजे एका फेरीत ६२.८३ मिमी. बेल्टचं रिडक्शन ३:१, मोटर २०० स्टेपची, मायक्रोस्टेप ८, म्हणजे फेरीला ४८०० पल्स. भागाकार ७६.३९. मग १००० मिमीची आज्ञा देऊन स्टीलच्या टेपने मोजायचं. फरक थोडा असेल तर आकडा दुरुस्त करायचा, फरक मोठा असेल तर गणितात चूक आहे: दात्यांची संख्या किंवा ड्रायव्हरचे स्विच. मोजताना नेहमी एकाच दिशेने येऊन थांबायचं, नाहीतर पिनियनची ढिलाई मोजमापात मिसळते.

सगळ्यात दुर्लक्षित आकडा अ‍ॅक्सिलरेशनचा. वेग सगळे विचारतात, हा आकडा कोणी विचारत नाही. पातळ पत्रा ६००० मिमी प्रति मिनिट, म्हणजे १०० मिमी प्रति सेकंद वेगाने कापायचा आहे असं धरा. अ‍ॅक्सिलरेशन ३०० मिमी/से² असेल तर तो वेग गाठायला जवळजवळ १७ मिमी लागतात, १००० असेल तर ५ मिमी. म्हणजे पहिल्या यंत्रात प्रत्येक कोपऱ्याच्या अलीकडे-पलीकडे १७ मिमी कट संथ होतो, तिथे चर रुंदावतो, ड्रॉस साठतो आणि कोपरा गोल वितळतो. २० मिमी व्यासाचं वर्तुळ त्याच वेगाने काढायला १००० मिमी/से² लागतात. पेननेच हा आकडा वाढवत न्यायचा. मोटरच्या स्टेप सुटू लागल्या की तिथून तीस टक्के खाली यायचं. वर्तुळ अंडाकृती किंवा नागमोडी येत असेल तर बेल्टचा ताण, पिनियनचा रॅकवरचा दाब आणि टॉर्च धरणारा ब्रॅकेट तपासायचा. ब्रॅकेट बहुतेक वेळा सैल असतो.

टॉर्च प्लेटला काटकोनात हवी. लहान गुण्या टॉर्चला समोरून आणि बाजूने लावून बघायचा. टेबलाला लेव्हल लावून टॉर्च ओळंब्यात आणण्यात अर्थ नाही, संबंध टॉर्च आणि प्लेटचा आहे.

हवा

४५ अँपिअरच्या वर्गातल्या मशीनला मिनिटाला साधारण १९० लिटर हवा सहा बारच्या आसपास लागते. कॉम्प्रेसरवर छापलेला मोठा आकडा बहुधा पिस्टनच्या हिशोबाचा असतो. पाहायची ती प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा. दाब बघायचा तो हवा वाहत असताना. बंद नळीत सहा बार दिसतात आणि टॉर्च सुरू होताच काटा साडेचारवर बसतो, हे बारीक नळीचं नेहमीचं लक्षण. ६ मिमी आतल्या व्यासाची नळी आणि झटपट जोडणीचे कपलिंग मिळून दाब खातात, १० मिमीची नळी वापरावी.

पाणी हा खरा शत्रू. कॉम्प्रेसरमधून हवा गरम निघते आणि गरम हवेतलं पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून सरळ पार होतं. आधी हवा थंड व्हायला हवी. टाकीनंतर भिंतीवर वर-खाली फिरवलेला काही मीटर लोखंडी किंवा तांब्याचा पाइप, प्रत्येक खालच्या टोकाला निचऱ्याचा कॉक, त्यानंतर वॉटर सेपरेटर, मग तेलाचं धुकं पकडणारा कोएलेसिंग फिल्टर आणि शेवटी सिलिका जेलचा ड्रायर. क्रम उलटा केला तर सिलिका जेल एका दुपारीत रंग बदलतं. पीव्हीसी पाइप या कामाला वापरू नये, दाबाखाली फुटला तर त्याचे टोकदार तुकडे उडतात. ओल्या हवेची खूण नॉझलवर सापडते: छिद्राभोवती काळे फराटे, छिद्राचा आकार वाकडा, आणि नवा इलेक्ट्रोड थोड्याच पिअर्सिंगमध्ये (कटच्या सुरुवातीला प्लेट आरपार भेदण्यात) खोल खड्डा पडलेला.

अर्थिंग आणि गोंगाट

वर्क क्लॅम्प कापायच्या प्लेटवरच लावायचा. टेबलाच्या पायाला लावला तर करंट प्लेट पेलणाऱ्या, स्लॅगने (गोठलेल्या धातूने) माखलेल्या पट्ट्यांतून वाट शोधतो, आर्क कधी धरतो कधी नाही, आणि टीएचसीला मिळणारं व्होल्टेज डगमगतं. टेबल, गॅन्ट्री आणि कंट्रोल बॉक्स यांच्या अर्थिंगच्या तारा एकाच बिंदूला आणायच्या, एकातून दुसऱ्याकडे साखळी करायची नाही. टॉर्चची केबल आणि सिग्नलच्या तारा एका केबल चेनमध्ये शेजारी झोपवू नयेत. छेदायच्याच असतील तर काटकोनात. सिग्नलला पीळ दिलेली शिल्डेड जोडी, शिल्ड फक्त कंट्रोलच्या टोकाला अर्थ. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड आणि २४ व्होल्टवर ठेवले की खोट्या ट्रिप पुष्कळ कमी होतात. यूएसबीवरचं कंट्रोलर आर्क पेटताच तुटत असेल तर इथरनेटवाल्याकडे जाण्याचा विचार करावा. हाय-फ्रिक्वेन्सी स्टार्टच्या मशीनला हे सगळं दुप्पट लागू. जमत असेल तर पायलट आर्क (टॉर्चमधला सुरुवातीचा लहान आर्क) संपर्काने पेटवणारं मशीनच घ्यावं.

उंची

इथे घाई नको, कटची निम्मी गुणवत्ता या आकड्यांत आहे. शिल्डेड कंझ्युमेबल्सना (टॉर्चच्या टोकाचे झिजणारे भाग, बाहेर शिल्डची टोपी असलेले) कटची उंची साधारण १.५ मिमी, पिअर्सिंगची ३.८ मिमी. नेमका आकडा आपल्या टॉर्चच्या कट चार्टमधून घ्यायचा. पिअर्सिंग कमी उंचीवर केलं तर वितळलेलं लोखंड उलटं उडून शिल्डवर चिकटतं, छिद्र बुजतं आणि आर्क नॉझललाच खायला लागतो. फार उंचावर केलं तर आर्क पत्र्याला पोहोचत नाही. पिअर्स डिले कमी पडला तर टॉर्च आरपार होण्याआधी सरकते आणि सुरुवातीला ठिणग्या वर उडतात. जास्त झाला तर छिद्र मोठं होतं आणि आर्कला लोखंड उरत नाही. ६ मिमीला अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करून पाव-पाव नव्हे, ०.१ सेकंदाने बदलायचं.

उंची बरोबर यायची तर प्लेटचा पृष्ठभाग बरोबर सापडायला हवा. फ्लोटिंग हेडच्या स्विचला ऑफसेट असतो: टॉर्च प्लेटला टेकते आणि स्विच थोडं पुढे जाऊन दबतो. टॉर्चखाली कागदाची पट्टी धरून ०.०१ मिमीच्या टप्प्यांनी खाली यायचं. पट्टी अडकली की आकडा टिपायचा, स्विच दबला की दुसरा टिपायचा. फरक तोच ऑफसेट. १ ते १.५ मिमीचा पत्रा टेबलाच्या दोन पट्ट्यांमध्ये टॉर्चच्या भाराने खाली वाकतो, तिथे हा उपाय फसतो आणि शिल्डमधून विद्युत स्पर्श ओळखणारं ओह्मिक सेन्सिंग कामी येतं. त्यालाही खोडी आहेत. शिल्डवर पाण्याचा थेंब असेल तर हवेतच ‘टेकलं’ म्हणतं, गंज किंवा मिल स्केलच्या पापडीवर टेकूनही ‘टेकलं नाही’ म्हणतं. म्हणून दोन्ही ठेवायचे, ओह्मिक आधी आणि फ्लोट स्विच राखीव.

टीएचसी

व्होल्टेज मोजून काढायची गोष्ट आहे, चार्टमधून उतरवायची नाही. टीएचसी बंद करून सपाट प्लेटवर १.५ मिमी उंचीने, ठरलेल्या वेगाने २०० मिमी सरळ कट घ्यायचा. मधल्या भागात स्थिर झालेलं व्होल्टेज टिपायचं. कट संपल्यावर झेड (टॉर्चची वर-खाली हालचाल) तिथेच थांबवून टॉर्च प्लेटच्या अखंड भागावर नेऊन १.५ मिमी ड्रिलची दांडी टॉर्चखाली सरकते का बघायचं. मग टीएचसी चालू करून तोच कट. उंची तीच राहिली तर आकडा खरा.

एक व्होल्ट म्हणजे उंचीत साधारण ०.१ ते ०.१५ मिमी. त्यामुळे पाच व्होल्टची चूक डोळ्याला दिसेल इतका कट बिघडवते. इलेक्ट्रोडमधलं हॅफ्नियम झिजून खड्डा खोल झाला की आर्क लांबतो आणि त्याच उंचीला व्होल्टेज वाढतं. टीएचसीला वाटतं टॉर्च वर गेली, तो तिला खाली ओढतो. सकाळी ठीक असलेला कट संध्याकाळी पत्र्याला घासू लागतो त्याचं कारण हे. कंट्रोलरमध्ये व्होल्टेज सॅम्पलिंग असेल तर ते वापरायचं: प्रत्येक कटच्या सुरुवातीला योग्य उंचीवर व्होल्टेज वाचून तेच लक्ष्य धरलं जातं आणि झिजेचा हिशोब आपोआप होतो. हॅफ्नियमचा खड्डा १.५ मिमीच्या आसपास गेला की इलेक्ट्रोड आणि नॉझल दोन्ही एकदम बदलायचे.

कोपऱ्यावरची झेप: वेग कमी झाला की चर रुंदावतो, व्होल्टेज वाढतं, टॉर्च खाली येते. प्रत्यक्ष वेग ठरलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांखाली गेला की टीएचसी गोठवायचा. जुना चर ओलांडतानाही व्होल्टेज एकदम उडी मारतं, त्यासाठी उडी ओळखून क्षणभर गोठवण्याची सोय असते. कडेवर धुण्याच्या फळीसारख्या लाटा दिसल्या तर गेन (टीएचसी किती जोरात दुरुस्ती करतो तो आकडा) जास्त आहे.

व्होल्टेज डिव्हायडरबद्दल एवढंच: ५०:१ ला १३० व्होल्ट म्हणजे २.६ व्होल्ट. मशीनचा आतला डिव्हायडर मिळत असेल तर तोच घ्यायचा. बाहेरून कच्चं आर्क व्होल्टेज ओढायचं असेल तर अनेक मशीनचं ओपन सर्किट व्होल्टेज २५० च्या वर असतं हे लक्षात ठेवून, वीज तोडून आणि कपॅसिटर रिकामे होऊ देऊनच झाकण उघडायचं.

कड वाचणं

आता वेग. चार्टमधल्या वेगाच्या वीस टक्के खालपासून वीस टक्के वरपर्यंत, दहा-दहा टक्क्यांनी, १०० मिमीच्या पाच समांतर रेषा. खाली जाड, गोळ्यांचा, छिन्नीच्या एका टोल्याला पडणारा ड्रॉस म्हणजे वेग कमी. बारीक, चिवट, कानशीलाही दाद न देणारी रेघ म्हणजे वेग जास्त. कडेवरच्या रेषा खालच्या बाजूला किंचित मागे, ५ ते १५ अंश, झुकलेल्या हव्यात. खूप मागे वाकल्या तर वेग जास्त.

तिरकेपणासाठी ५० मिमीचा चौकोन कापून चारही बाजूंना गुण्या लावायचा. चारही बाजू वर आत गेलेल्या असतील तर टॉर्च उंच किंवा वेग जास्त. चारही खाली आत गेलेल्या असतील तर टॉर्च खाली. समोरासमोरच्या दोन बाजूंपैकी एक वर आत आणि दुसरी खाली आत गेली तर टॉर्च काटकोनात नाही. नवं नॉझल घालताच चित्र बदललं तर जुन्याचं छिद्र अंडाकृती झालं होतं. एअर प्लाझ्मात १ ते ३ अंश राहणारच, त्यामागे लागू नये.

हवेच्या भोवऱ्यामुळे कटच्या प्रवासाच्या उजवीकडची कड सरळ येते. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने, आतली भोकं उलट दिशेने. सुटा तुकडा तिरका आणि भंगार मात्र काटकोनात असेल तर आधी कॅममधली (कापण्याचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) दिशा बघा. याच चौकोनावर कर्फही (चराची रुंदी) निघतो: प्रोग्रॅममध्ये १.५ मिमी दिला आणि तुकडा ४९.८ आला, तर खरा कर्फ १.७.

भोकं वेगळ्या नियमांनी. व्यास जाडीच्या दीडपटीपेक्षा लहान असेल तर प्लाझ्माने नुसती खूण करून ड्रिल वापरावं. त्यावरच्या भोकांना वेग साठ टक्के, टीएचसी बंद, पिअर्सिंग मध्यावर आणि लीड-आउट (कट संपताना रेषेबाहेर निघण्याची वाट) नाही. वर्तुळ पूर्ण होण्याच्या किंचित आधी टॉर्च बंद करून हालचाल ३-४ मिमी पुढे चालू ठेवायची. नाहीतर मधली चकती सुटते तेव्हा आर्क जोडावर येऊन खळगा पाडतो.

पाण्याच्या ट्रेवर अ‍ॅल्युमिनियम कापायचं असेल तर थांबा: गरम अ‍ॅल्युमिनियम आणि पाणी मिळून हायड्रोजन तयार होतो, प्लेटखाली साठतो आणि पेटतो. तळाशी साठलेला अ‍ॅल्युमिनियमचा गाळही वायू सोडत राहतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा पांढरा धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा हवाच. डोळ्यांना शेड ८.

पुढचा टप्पा ३ आणि १० मिमीच्या प्लेटवर याच रेषा काढण्याचा. तोवर ६ मिमीच्या प्लेटवर जुळवलेले आकडे बदलायचे नाहीत, आणि प्रत्येक चाचणीच्या तुकड्यावर खडूने वेग, उंची आणि व्होल्टेज लिहून ठेवायचं.