पिवळ्या गावातले दगड

इसामालमध्ये पत्ता सांगताना ‘ते पिवळं घर आहे ना’ म्हणायची सोय नाही. घरं पिवळी, बाजार पिवळा, चर्च पिवळं, कडांना तेवढा पांढरा हात. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये, मेरिदा शहरापासून सत्तरेक किलोमीटरवरचं हे गाव. १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे येणार म्हणून ते असं रंगवून काढलं, असं सांगतात. मंत्री येणार म्हटलं की आपल्याकडे दुभाजक रंगतात, त्यातलाच प्रकार. यांनी रंग पुढेही जपला, एवढंच.

ह्यूस्टनहून लेक-जावयाबरोबर गेले होते. जावईबापूंच्या यादीत चिचेन इत्सा होतं, म्हणजे या भागातल्या मूळच्या माया लोकांचं जुनं, पडकं शहर; इसामाल म्हणजे वाटेत जेवायचा थांबा. चौकात घोडागाड्या उभ्या, घोड्यांच्या डोक्यावर फुलं लावलेल्या गवती टोप्या. लेकीच्या मोडक्या स्पॅनिशमधून गाडीवाल्याला विचारलं, इथे जुनं माया लोकांचं काय आहे? त्याने चाबकाचं टोक एका गल्लीकडे केलं, मग दुसऱ्या, आणि शेवटी थेट समोरच्या मठाकडे.

मठाचा चढ चढताना दम लागला तेव्हा त्याचं म्हणणं पटलं. आपण टेकडी चढत नसतो, पिरॅमिडच चढत असतो. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी त्याचा माथा उतरवला, त्याच जोत्यावर त्याच दगडांनी मठ बांधला. आत पंचाहत्तर कमानींचं भलंमोठं अंगण. मी मात्र भिंतीच बघत फिरले. एका दगडावर पायऱ्यापायऱ्यांची नक्षी निघाली, थेट करवती काठ! गवंड्याने तो दगड उभा बसवलेला. आडवा धावणारा काठ उभा झाला की साडीवालीच्या जिवाला लागतं. त्या गवंड्याला नक्षी कळत नव्हती की चांगलीच कळत होती, कोण जाणे.

या मठाच्या उभारणीमागे होता दिएगो दे लांदा, त्याच साधूंपैकी एक. त्याचा पुतळा गावात आहे. १५६२ मध्ये मानी गावात माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या यानेच जाळल्या, आणि पुढे त्याच लोकांच्या चालीरीती, पंचांग, अक्षरं यांवर यानेच लिहून ठेवलं. त्या अक्षरांच्या आधाराने १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाला माया लिपीची किल्ली सापडली. घर जाळून त्याचा नकाशा जपणारा माणूस! पुतळ्याला नमस्कार करवेना.

दोन गल्ल्या सोडून किनिच काकमोचा पिरॅमिड, घरांच्या रांगेतल्या एका फाटकातून आत. तिकीट नाही. पायथा जवळजवळ दोनशे मीटर लांब. कडेच्या घरांची धुणी वाळत होती. वर गेल्यावर चहूकडे सपाट हिरवं रान, मध्ये पिवळा ठिपका. इथली श्रीमंती एके काळी घायपाताच्या दोरांवर उभी होती. आपण ज्याला बांधावरचं कुंपण समजतो, ते.

उतरल्यावर बाजारात पांढऱ्या, भरतकामाच्या झग्यातली एक म्हातारी फळं घेऊन बसली होती. तपकिरी, खरखरीत ढीग. मी थबकले. ती फळाकडे बोट करून म्हणाली, “या.”

मी गेलेच! माया भाषेत चिकूला ‘या’ म्हणतात, हे लेकीने हसू आवरल्यावर सांगितलं.

माझं आजोळ घोलवडचं. चीक असतो म्हणून चिकू, अशी माझी लहानपणापासूनची पक्की समजूत. पण नाव आलं ते तिकडच्या ‘चिकोसापोते’वरून, आणि झाडही मूळचं तिथलंच. त्याच्या चिकापासून च्युइंगगम व्हायचं. चिचेन इत्साच्या देवळांत दारांवरच्या तुळया त्याच्याच लाकडाच्या, हजारेक वर्षं दगड पेलत राहिलेल्या. आजोबांच्या वाडीतली झाडं आम्हाला आमची वाटायची.

म्हातारीने एक फळ हातानेच फोडून अर्धं पुढे केलं. काळी बी, तिचं ते आकडीसारखं टोक, तोच रवाळ गोडवा. “आई, चार वाजल्यानंतर चिचेन इत्सात आत घेत नाहीत,” लेक म्हणाली. जावईबापू गाडी सुरू करून बसलेले. पावणेतीन वाजत आले होते.

मी आणखी अर्धा किलो घेतले.