जीव कमानीत

संक्रांत जवळ आली की आमच्याकडे गप्पा निघतात त्या मांजाच्या. सुरती चांगला की बरेलीचा, कोणी कोणाचा कापला. तापीकाठच्या लोकांना सुरत तशी परकी नाही. नदी आमच्या दारावरून तिकडेच जाते आणि उधना-जळगाव रेल्वेने तिकडचा माल इकडे येतो. नायलॉनच्या मांजावर हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी पिशवीच्या तळाशी तो सापडतोच, हे वेगळं सांगायला नको. पण पतंग घरी बनवणाऱ्याला मांजाचं एवढं कौतुक नसतं. त्याचा जीव कमानीत अडकलेला असतो.

पतंगात बांबूच्या कामट्या दोनच. उभा ढड्डा आणि आडवी, वाकवलेली कमान. ढड्डा गरीब. सरळ असला की झालं. कमानीचे मात्र नखरे. बुरुडाकडे टोपल्यांसाठी काढलेल्या कामट्यांतून एखादी मागून आणायची, पण वाळलेली. ओली कामटी वाकवली की वाकलेलीच राहते, परत ताठ होत नाही. गाठ शक्यतो टाळायची, आणि टाळता आलीच नाही तर ती बरोबर मधोमध घ्यायची. एका अंगाला गाठ आली तर तेवढंच अंग ताठ राहतं आणि पतंग जन्मभर एकीकडे कलतो.

मग खरवडणं. माझ्या मते पतंगातलं खरं सुख इथेच आहे, उडवण्यात नाही. काचेचा तुकडा घेऊन पोटाकडची बाजू हलक्या हाताने ओढत जायची. पाठीच्या सालीला हात लावायचा नाही. बांबूचे धागे सालीजवळ दाट आणि आत विरळ असतात, म्हणून ताकद सगळी पाठीत. मांडीवर पांढरा भुस्सा साचतो. ओट्यावरून जाणारा-येणारा विचारतो, "काय करी राह्यना रे भो?" मान वर न करता नुसतं हूं म्हणायचं. टोकांकडे कामटी निमुळती होत गेली पाहिजे. अधूनमधून दोन्ही टोकं धरून वाकवून बघायची. एक खांदा उचललेला दिसला तर ती बाजू अजून ताठ आहे, तिचा आणखी एक पापुद्रा काढायचा. शेवटी बोटावर मधोमध तोलायची.

एवढी मेहनत कशाला, तर पतंगाची सगळी चाल कमानीत असते. दोरी खेचली की वाऱ्याच्या दाबाने कमानीची टोकं मागे वळतात, आणि पतंग नाकाच्या रोखाने सरळ धावतो. ढील दिली की ती पुन्हा सपाट होतात, आणि तो गरगर फिरू लागतो. काटाकाटीतले सगळे डावपेच या दोन गोष्टींवर चालतात. अमेरिकेत विल्यम एडी यांनी आडवी काठी दोरीने ताणून मागे वाकवली आणि शेपटीशिवाय स्थिर उडणारा पतंग केला. १९०० मध्ये त्याचं पेटंटही मिळवलं. आपल्या पोरांना शेपटीवाचून उडवायची सवय आधीपासूनच होती, पण पेटंटाचं कोणाला सुचणार!

पतंग पक्का करायचा म्हणून हल्ली त्याला सेलोटेप फासतात. मला ते बघवत नाही. कमानीवर लांबलचक टेप मारली की ती वळायचीच विसरते. कमान कागदाला फक्त टोकांपाशी आणि ढड्ड्यापाशी जोडायची, मधला भाग मोकळा सोडायचा. पक्कं करायचं ते कडेला. सुती दोरा ठेवून कागद त्यावर दुमडायचा. फाट कडेपासून सुरू होते, दोरा असला की तिथेच अडते. मैद्याची खळ अगदी पातळ लावायची, जाड झाली की वाळताना कागद आक्रसतो. टोकांना ठिगळं लावायची ती जोडीने. डावं फाटलं असेल तरी उजव्यालाही तेवढंच, नाहीतर तोल गेला.

आता डोक्यात बसलंय ते कमानीच्याच पतंगाचं. एका लांब दोरीवर छोटे पतंग ओळीने ओवायचे, दोरीची दोन्ही टोकं जमिनीत रोवायची. वारा आडवा लागला की मधला भाग उचलला जातो आणि इंद्रधनुष्यासारखी कमान उभी राहते. न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी तर वाऱ्याने फुगणारा कापडी कमानी पतंग केला. तो माणसाला पाण्यावरून ओढत नेतो. आपलं काम कागदाचंच. यात सगळा ताण दोरीवर आणि ती जिथून ओवली त्या भोकांवर येतो. म्हणून भोक पाडण्याआधी तिथे दोन्ही बाजूंनी कागदाची चकती चिकटवायची. मांजा इथे कामाचा नाही, जाड दोरीच हवी. खुंट्याही कच्च्या चालणार नाहीत.

काकांनी बैलांचे दोन खुंटे द्यायचं कबूल केलंय. पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं वावरही दिलंय. अट एकच घातलीय. शेजारच्या हरभऱ्यात कोणी पाय टाकायचा नाही, पतंग पडला तरी नाही.