पुन्हा हॅदरसेज

नवऱ्याची नोकरी शेफील्डला होती तेव्हा आम्ही डर्बीशायरमधल्या हॅदरसेज या गावी भाड्याने राहायचो. यंदा यॉर्कशायरहून खाली उतरताना वाट थोडी वाकडी केली आणि तिथे मुक्काम टाकला. पीक डिस्ट्रिक्ट या तिथल्या राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

शेफील्डहून मँचेस्टरकडे जाणारी, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी गाडी घ्या. याच रुळांवरून जलद गाड्याही धावतात, पण त्या हॅदरसेजला थांबतीलच असं नाही. चढण्याआधी फलाटावरची थांब्यांची यादी बघा. थांबणारी गाडी साधारण तासाला एक असते. शहर संपतं तिथे टॉटलीचा बोगदा सुरू होतो, साडेपाच किलोमीटरहून जास्त लांबीचा. बाहेर पडलात की ग्रिंडलफोर्ड आणि त्यानंतर हॅदरसेज. सामान दाराशी आणून ठेवा.

आमचं घर दगडी घरांच्या ओळीतलं. दाराचा रंग बदललाय, परसातला वाफा जाऊन तिथे फरशी आलीय. बेल वाजवावीशी वाटली नाही, आता तो दुसऱ्या कुणाचा संसार आहे. पण घरामागून शेतात जाणारी पायवाट होती तिथेच आहे, आणि तिच्यावरून चालायला कुणाची परवानगी लागत नाही. इंग्लंडमध्ये सार्वजनिक पायवाट खाजगी शेतातून गेली तरी ती कायद्याने सगळ्यांना खुली असते. मालकाला मनात आलं म्हणून बंद करता येत नाही. खांबावर पिवळा बाण दिसला तर वाट फक्त पायी जाणाऱ्यांची, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही चालतात. दगडी गडग्यात माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट ठेवलेली असते, मेंढ्या पलीकडे जाऊ नयेत म्हणून. लेक लहान असताना तिला आम्ही या फटीवरून उचलून पलीकडे द्यायचो. दोन्हीकडचे दगड पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या मांड्या घासून जुन्या देवळाच्या उंबरठ्यासारखे गुळगुळीत झालेत. यावेळी लेकीने आधी पलीकडे जाऊन मला हात दिला.

माळरानावर फिरण्याचा हक्क मात्र भांडून मिळवावा लागला. इथून जवळच्या किंडर स्काउट डोंगरावर तेव्हा शिकारीसाठी पक्षी राखलेले असत आणि सामान्यांना मज्जाव होता. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण, त्यांत गिरण्या-कारखान्यांतले कामगार बरेच, मुद्दाम त्यावर चढून गेले. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९५१ मध्ये ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते हेच, पीक डिस्ट्रिक्ट. इथे चालताना हे मला दरवेळी आठवतं.

एकच दिवस असेल तर तो स्टॅनेज एजला द्या. गावातून तासा-दीड तासाची चढण आहे. वर कित्येक किलोमीटर लांब दगडी कडा आणि तिला लटकलेले प्रस्तरारोहक. कड्याच्या पायथ्याशी, नेचाच्या गचपणात, जात्याचे मोठाले दगड पडलेत. जवळ जाऊन बसा. टाकीचे घाव अजून मोजता येतात. अठराव्या शतकात लोकांना पांढऱ्याशुभ्र पिठाची आवड लागली. इथल्या दगडाने पीठ करडं पडायचं, म्हणून फ्रान्सचा दगड येऊ लागला आणि पाथरवटांचा धंदा बसला. इथला हा जात्याचा दगड आज उद्यानाचं बोधचिन्ह आहे. कड्यावरून चालताना खडकात कोरलेल्या लहान लहान कुंड्याही शोधा. रानकोंबड्यांना पाणी मिळावं म्हणून राखणदारांनी त्या खोदल्या आणि शेजारी आकडे कोरले. वर वारा भयंकर असतो, उन्हाळ्यातही वाऱ्याचं जाकीट हवंच. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा ‘ओएल १’ हा कागदी नकाशा जवळ ठेवा.

खाली डर्वेंट नदीत ओलांडायला दगड टाकलेत. पाऊस पडून गेला असेल तर त्यांवर पाय ठेवू नका, लेडमिलच्या पुलावरून वळसा घ्या.

पुढचं स्टेशन बॅमफर्ड. तिथून थॉर्नहिल ट्रेलने लेडीबोवर धरणापर्यंत चालत जाता येतं. वाट बरीचशी सपाट आहे, कारण वरच्या दोन धरणांसाठी सामान नेणारी रेल्वे पूर्वी इथून जायची. लेडीबोवरच्या पाण्याखाली डर्वेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं आहेत. डर्वेंटच्या चर्चच्या आवारातले मृतदेह उकरून बॅमफर्डला पुन्हा पुरले. चर्चचा मनोरा पाण्यातून वर दिसत राहिला, तोही १९४७ मध्ये पाडला. मुळशी-कोयनेच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाचा पाय तिथून लवकर निघत नाही. माझं घर निदान बाहेरून तरी बघता आलं.

शाकाहारींची आबाळ होत नाही, भाजलेला बटाटा आणि चीज-कांद्याची पेस्ट्री बहुतेक ठिकाणी मिळते. पबमधली स्वयंपाकघरं दुपारनंतर बंद होतात, जेवण वेळेत उरका. माळरानावरचं हेदर हे जांभळ्या फुलांचं झुडूप फुलतं ते ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा शनिवार-रविवारी खोल्या मिळणं कठीण, आधीच ठरवा. वसंतात मेंढ्यांना कोकरं झालेली असतात, त्यांच्यापासून लांबून जा. फाटक उघडं सापडलं तर उघडं ठेवा, लावलेलं असेल तर आपल्यामागे लावून घ्या. रविवारी परतणार असाल तर गाड्यांचं वेळापत्रक आदल्या रात्री पुन्हा एकदा बघा.