माणदेशच्या माळावर पाली-बेडकांचे नमुने गोळा करताना

माणदेशात जायचं म्हटलं की लोक उन्हाची धास्ती घालतात. मला ऊन सोसलं, परवानगीची वाट बघणं जड गेलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राण्यांचे नमुने घ्यायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. कुठल्या जाती, किती नमुने, कुठून घेणार, कुठे जमा करणार, सगळं आधी कळवायचं. ही कडक शिस्त हवीच, असं माझं ठाम मत आहे.

पहिला दणदणीत पाऊस झाला आणि महिनोन् महिने मातीत गाडून घेतलेले बेडूक रात्री डबक्याकाठी ओरडू लागले. एकाला मऊ मातीवर ठेवून बघितलं. मागच्या तळव्याच्या टणक गाठीने माती उकरत तो उलटा, पाठीकडून आत सरकला. शेवटी नुसते डोळे वर, मग तेही नाहीत.

पालींसाठी दिवसा दगड उलथायचे. पलीकडची कड धरून दगड आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खाली फुरसं निघालं तर मध्ये दगडाची आड राहते. फुरशी निघालीही, वेटोळं घासत करकर आवाज करणारी. बघून झालं की दगड होता तसाच परत बसवायचा, कारण त्याखालची ओल हेच तिथल्या जिवांचं घर.

खरं काम संध्याकाळी. आधी जिवंतपणी फोटो, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतात. मग भूल देऊन मारायचं. हातातला एवढासा जीव थंडावताना बघणं मला अजूनही सोपं जात नाही, म्हणून ठरल्यापेक्षा एकही जास्त घेत नाही. नमुना कुजू नये म्हणून वापरायच्या फॉर्मेलिन या रसायनाने डीएनए खराब होतो, म्हणून यकृताचा तुकडा आधीच शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायचा. मग ट्रेमध्ये नमुन्याची बोटं पसरून १० टक्के फॉर्मेलिन, पुढे पाण्याने धुऊन ७० टक्के अल्कोहोल. पायाला नंबराची चिठ्ठी बांधायची, तीही पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. वहीत तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, दगडाखाली की झुडपात. नोंद नसेल तर तो जीव फुकट गेला.

नमुने पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जमा केले, नोंदणी क्रमांकांची यादी वनखात्याला पाठवली. आता नर पालींच्या मांडीखालची छिद्रं भिंगाखाली मोजतोय. जात ठरवायला ती फार उपयोगी पडतात.