अतिनील किरणांचा वनस्पतींसाठी भारित हिशेब : उणे आलेली बेरीज आणि मेथीच्या दोन कुंड्या

गेले दोन आठवडे मी तयार पॅकेज बाजूला ठेवून वनस्पतींवर पडणाऱ्या अतिनील किरणांच्या मात्रेचा हिशेब ‘आर’ या संगणकीय भाषेत स्वतः लिहीत होतो. सूर्यप्रकाशातील प्रत्येक तरंगलांबीचा झाडावर सारखा परिणाम होत नाही, म्हणून प्रत्येक तरंगलांबीच्या किरणांना तिच्या भाराने गुणून मग बेरीज करायची, एवढीच मूळ कल्पना आहे. कॉल्डवेल यांनी १९७१ मध्ये मांडलेला वनस्पतींचा सर्वसाधारण आलेख ग्रीन आणि सहकाऱ्यांनी पुढे सूत्रात बसवला, आणि मी सुरुवात त्या सूत्रापासून केली. ३०० नॅनोमीटरला भार १ धरला, तर ३०५ ला तो सुमारे ०.५४, ३१० ला ०.१८ आणि ३१३.३ ला शून्य होतो.

चाचणीसाठी ‘फोटोबायोलॉजी’ पॅकेजसोबत मिळणारा, हेलसिंकीच्या २०१० सालच्या जूनमधील सूर्यप्रकाशाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश आहे याचे आकडे, घेतला. पहिलीच बेरीज उणे आली. किरणांची मात्रा उणे असणे शक्यच नाही, म्हणून प्रत्येक ओळ छापून पाहिली, तेव्हा ३१३.३ च्या पुढे सूत्रातील कंस उणे होतो हे ध्यानात आले. ३५० नॅनोमीटरला भार जवळजवळ उणे ०.१३ येत होता आणि तिथे प्रकाशही भरपूर असल्याने त्याने सगळी बेरीज खाली ओढली होती. पुढचे भार शून्य केल्यावर उत्तर धन आले, पण पॅकेजच्या उत्तरापेक्षा सुमारे साडेचार पटींनी लहान. ३०० ला मूळ सूत्राची किंमत ०.२१७६ येते आणि तिने भागायचे माझ्याकडून राहून गेले होते. शेवटचा बारीक फरक फोटॉन (प्रकाशाचे कण) आणि ऊर्जा यांच्यातला निघाला : हे भार फोटॉनच्या हिशेबाचे आहेत, त्यामुळे ऊर्जेच्या आकड्यांवर लावताना त्यांना तरंगलांबी भागिले ३०० याने आधी गुणावे लागते.

स्वतःच्या उपकरणाने मोजलेला वर्णपट वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. २८० नॅनोमीटरला याच सूत्राचा भार ४.६ आहे. जमिनीवर त्या तरंगलांबीचा सूर्यप्रकाश पोहोचतच नाही, पण उपकरणात भरकटलेला दुसऱ्या तरंगलांबींचा प्रकाश तिथे आकडा दाखवतो आणि तो साडेचार पटींनी फुगून बेरजेत शिरतो.

त्यानंतर फ्लिंट आणि कॉल्डवेल यांचे २००३ सालचे वनस्पतींच्या वाढीसंबंधीचे सूत्र लावले, आणि माझ्या गच्चीवरच्या प्रयोगाचा पायाच हलला. या सूत्रात ३१० ला भार साधारण ०.१ असला, तरी त्याचे शेपूट ३९० पर्यंत जाते. ३५० ला तो फक्त ०.०२१ आहे, पण तिथला सूर्यप्रकाश ३०० च्या तुलनेत इतका जास्त असतो की तेवढ्या भारानेही बेरजेत मोठा वाटा येतो. माझ्याकडे मेथीची एक कुंडी अतिनील किरण जाऊ देणाऱ्या सेल्युलोज अॅसिटेटच्या फिल्मखाली आहे आणि दुसरी पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मखाली. पॉलिएस्टर अतिनील-ब (२८० ते ३१५ नॅनोमीटर) अडवते, अतिनील-अ (३१५ ते ४०० नॅनोमीटर) बहुतांशी जाऊ देते. जुन्या सूत्राने या दुसऱ्या कुंडीची मात्रा जवळजवळ शून्य येते, म्हणून वहीत मी तिच्यापुढे ‘अतिनीलरहित’ असे लिहिले होते. नव्या सूत्राने ती शून्याच्या जवळपासही नाही.

तो शब्द मी खोडून ‘अतिनील-ब रहित’ असा केला आहे आणि प्रत्येक मात्रेपुढे सूत्राचे नाव व ३०० नॅनोमीटरचा संदर्भ लिहायला सुरुवात केली आहे. पुढच्या पेरणीत अतिनील-अ सुद्धा अडवणाऱ्या फिल्मखाली तिसरी कुंडी असेल.